शंभरातल्या अठरा

१९ जून, बुधवार

ही वही आज धामणकर नाक्यावरून आणली. कारण लाजिरवाणं आहे, पण इथे खरं लिहायचं असं ठरवूनच आणली आहे, म्हणून लिहिते. परवा सरांनी माझी प्रयोगाची नोंदवही तपासायला घेतली. तीन पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "निवेदिता मॅडम, ही वही प्रयोगाची आहे. हफसाची नाही."

मी वाकून पाहिलं. एकाच पानावर चार ठिकाणी तिचं नाव. हफसाने इनक्युबेटरचं दार नीट लावलं नाही. हफसा उशिरा आली. हफसाला नवीन पिपेट, माझी अजून दुरुस्तीला. चौथं वाचायच्या आत मी वही ओढून घेतली.

तेव्हा हफसासाठी ही वेगळी वही.

मी चव्वेचाळीस वर्षांची. या कॉलेजात एकोणीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. नऊ वर्षं पीएच.डी. चालू आहे. चिंतामणी सर माझे मार्गदर्शक, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार. हफसा पंचवीसची, दीड वर्षापूर्वी सरांकडेच पीएच.डी.ला आली. इथेच बी.एस्सी. केलं म्हणते. मला आठवत नाही. एकेका वर्गात एकशेवीस पोरं असतात.

सर म्हणतात हफसाचं आधी पूर्ण होईल.


२१ जून, शुक्रवार

आज पलीकडच्या कारखान्यातले यंत्रमाग बंद. खिडकीतून नेहमीची खटखट येत नव्हती, त्यामुळे मोजणी छान झाली.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. वज्रेश्वरीच्या रानातून आणलेल्या सातविणीच्या सालीचा अर्क काढायचा, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर घालायचा, दोन दिवसांनी किती मेल्या ते मोजायचं. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत, काचेसारख्या स्वच्छ राहतात. आजही शंभरातल्या ब्याऐंशी निळ्या, अठरा स्वच्छ. नऊ वर्षांत अर्क बदलला, मात्रा बदलली, त्या अठरा काही जात नाहीत. कधी सोळा, कधी वीस. प्रबंधात त्यांना मी 'अवशिष्ट' म्हटलंय आणि मग फ्लास्क ब्लीचमध्ये ओतून दिलाय.

गेल्या वर्षी याच टेबलाशी उभं राहून हफसाने विचारलं होतं, "मॅडम, ह्या तुम्ही फेकणार काय?"

मी म्हटलं, "घे."

एक शब्द. तो परत मागता येत नाही.


२ जुलै, मंगळवार

हफसा आली नाही. सरांना विचारलं तर "हो, सांगून गेली आहे," एवढंच. सासूबाई गेल्या तेव्हा मला तेरा दिवसांच्या रजेचा अर्ज कारणासहित दोनदा लिहायला लावला होता.

माझा नवरा सुश्रुत कोर्टातून आला तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. तो चपला काढत म्हणाला, "तू आल्यापासून तिचं नाव चौदा वेळा घेतलंस. मी मोजलं. मोजणं तुझ्याकडूनच शिकलो."

मला हसू आलं नाही.


११ जुलै, गुरुवार

तिचे डोळे पाहावेत असे झालेत. सकाळी येते तेव्हा पापण्या फुगलेल्या, जणू रात्रभर रडली. आज सर स्वतः तिच्या टेबलापाशी गेले. "हफसा, बरं आहे ना तुझं?" ती म्हणाली, "हो सर, ॲलर्जी आहे." मला नऊ वर्षांत कुणी असं विचारलं नाही. माझं बीपी एकशेसाठवर गेलं होतं तेव्हाही सरांनी फक्त मोजणीची शीट मागितली होती.

डबा आम्ही एकाच टेबलावर खातो. जेवण झालं की ती पर्समधून एक गोळी काढते आणि तांब्याभर पाणी पिते. आज विचारलं, "कसली गं गोळी?"

"अशीच आहे मॅडम. पोट भरल्यावर घ्यावी लागते."

हल्लीच्या मुली केसांना, कातडीला कसकसल्या गोळ्या घेतात. रमजानच्या महिन्यातही तिला दुपारी इथेच डबा खाताना पाहिलंय. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, हिला कशाचंच काही नाही.


२४ जुलै, बुधवार

आज विभागात तिने तिचं काम मांडलं. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले.

वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, पेशीच्या आत मरणाची सोय आधीपासूनच केलेली असते. वेळ आली की पेशी स्वतःला आवरून घेते. पण काही पेशी तो हुकूम मानत नाहीत, कारण त्यांच्यात एक कायनेझ जागं असतं. कायनेझ म्हणजे असं प्रथिन, जे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. मरणाकडे नेणाऱ्या प्रथिनावर तो तुकडा बसला की ते बाजूला पडतं आणि पुढे निरोप जातो, अजून नाही. "सर्वांना वाटतं ह्या पेशी मजबूत आहेत," ती म्हणाली. "मजबूत नाहीत त्या. त्यांना कोणीतरी सारखं 'अजून नाही, अजून नाही' सांगतंय. ते सांगणं बंद केलं की झालं."

आणि तिने करून दाखवलं. अर्कासोबत त्या कायनेझला अडवणारं औषध, ब्लॉकर, दिलं तर अठराच्या जागी एक उरते. कधी एकही नाही.

नऊ वर्षं मी ब्याऐंशींकडे बघत बसले होते.

शेवटी तिने पडद्यावर एक ओळ दाखवली: 'या पेशी निवेदिता मॅडमच्या प्रयोगातून मिळाल्या.' सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणाचा कचरा आहे हे सगळ्यांना कळावं म्हणूनच ती ओळ. सर म्हणाले, "या कामात दम आहे." हा शब्द त्यांनी माझ्या कामाला कधी लावलेला नाही.


३० जुलै, मंगळवार

आता लिहिते ते कुणी वाचू नये.

दुपारी ती नमाजाला लायब्ररीमागच्या खोलीत जाते. तेव्हा मी तिची नोंदवही वाचते. पहिल्या दिवशी दोन पानं वाचली. आता रोज वाचते. अक्षर बारीक, स्वच्छ, खाडाखोड असेल तिथे तारीख आणि सही. मी चूक शोधते आहे. अजून सापडली नाही. फ्लास्क चौदाचे आकडे तर मला पाठ झालेत.


६ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा महिन्याचा पहिला मंगळवार आणि पुन्हा गैरहजर. दर महिन्याला तेच आहे, मी हजेरी पाहिली.

जानकीबाई आमची प्रयोगशाळा झाडते, काचसामान धुते, खारबाववरून येते. तिला विचारलं, ही जाते कुठे?

"जाते कुठंतरी. तुमाला काय करायचं हाय, बाई?"

"तुला माहीत आहे."

"मना काय म्हाईत न्हाय." आणि बीकर धुवायला लागली. ईदेला हफसा तिच्यासाठी डबाभर शीरखुर्मा आणते. मी दिवाळीला दोन लाडू देते. तेव्हा कुणाच्या बाजूने बोलणार, ते उघड आहे.


१४ ऑगस्ट, बुधवार

सापडलं.

हात धुवायच्या सिंकपाशी एक कागद पडला होता. वरचा भाग फाटलेला, ओला. खालचा शाबूत. त्यावर शिक्का: रेणवीय चाचणी विभाग, परळ. खाली चार ओळी, प्रत्येकीपुढे तारीख आणि टक्केवारी. अडुसष्ट. अकरा. शून्य पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक शून्य आठ. वर जनुकाचं नाव अर्धं दिसत होतं, पण मला अर्धं पुरतं. आमच्या फ्लास्कमधल्या पेशी ज्या बिघडलेल्या कायनेझवर जगतात, त्याचंच ते नाव.

मी तिथेच स्टुलावर बसले. अडुसष्टवरून शून्य पूर्णांक शून्य आठ! दीडेक वर्षात! म्हणजे हिने परळच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत आपलं गुपचूप चालवलं आहे. आम्हाला इथे अठराचा एक दाखवते आणि खरं मोठं काम तिकडे. दर पहिल्या मंगळवारी. माझ्या पेशी घेऊन.

एवढा खाली येणारा आकडा मी आयुष्यात पाहिलेला नाही. कागद वाळवून पुस्तकात ठेवला.


२० ऑगस्ट, मंगळवार

सुश्रुतला दाखवला. त्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणाला, "सरळ विचार ना तिला."

"चोराला विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?"

"कोर्टात तेच तर विचारतात," तो म्हणाला. "आधी विचारतात."


२९ ऑगस्ट, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

संशोधन समितीची बैठक होती. प्राचार्य, सर, मी, आणि इतिवृत्त लिहायला कार्यालयाचे अधीक्षक रामनाथ. हफसाच्या नोंदणीची मुदत वाढवायचा विषय आला तेव्हा मी म्हटलं, "त्याआधी मला काही सांगायचं आहे." आणि कागद टेबलावर ठेवला. आपली माहिती बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते आहे, दर पहिल्या मंगळवारी, सरांना अंधारात ठेवून. आवाज शांत होता माझा. आरशासमोर दोन दिवस म्हणून पाहिलं होतं.

सरांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तुझ्याबद्दल तक्रार आहे. परळला कुणाकडे काम करतेस? नोंदणी रद्द होऊ शकते, कल्पना आहे ना?"

हफसाने टेबलावरचा कागद पाहिला. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, पकडली गेली.

ती म्हणाली, "सर, मी तिथे काम नाही करत. पेशंट आहे मी तिथली."

मग पर्समधून एक फाइल काढली आणि एकेक कागद ओळीने मांडत गेली. प्रत्येकावर तिचं नाव, वय, रक्तगट. पहिला कागद दोन वर्षांपूर्वीचा, ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाचा. "हे अडुसष्ट म्हणजे मी. हे अकरा म्हणजे मी. गोळी चालू आहे, म्हणून कमी होत गेलं. महिन्याला गोळ्या आणायला जायचं असतं, तीन महिन्यांनी तपासणी." ती प्राचार्यांना असं समजावत होती जसं गेल्या महिन्यात विभागात आम्हाला समजावलं होतं. "माझ्या रक्तातलं एक कायनेझ अडकून पडलंय सर. बटण दाबलेलं राहतं तसं. पेशी मरायच्या तेव्हा मरत नाहीत. गोळी ते बटण वर उचलून धरते. बाकी मी ठीक आहे. कामात कमी पडले असेन तर सांगा."

फुगलेल्या पापण्या त्या गोळीमुळे. हेही तिनेच सांगितलं, प्राचार्यांनी न विचारता.

सर उठून उभे राहिले. त्यांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. प्राचार्यांनी पाणी मागवलं. रामनाथांनी लिहायचं थांबवलं.

आणि मी? इथे खरं लिहायचं ठरलंय. सगळे तिच्याभोवती उभे होते, आणि माझ्या मनात आलं, यातही हीच पहिली.


३० ऑगस्ट, शुक्रवार

कॉलेजात गेले नाही. सुश्रुतला बीपीचं कारण सांगितलं.


११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं, ती आलेली नाही. तिचे फ्लास्क सरांनी मला सांभाळायला सांगितलेत. 'तात्पुरते.' एक दिवसाआड त्यांचं पोषक द्रव बदलते. माझ्या पेशींपेक्षा नीट वाढतात. कसं काय, ठाऊक नाही.

तक्रार कुणी केली हे तिला कुणी सांगितलेलं नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात.


१३ सप्टेंबर, शुक्रवार

जानकीबाई बाहेर पायरीवर बसली होती. मी जवळून जाताना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मोडलं लगीन पोरीचं."

हफसाचं सादशी ठरलं होतं, तो पनवेलला नोकरीला आहे, एवढं मला माहीत होतं. जानकीबाईने बाकीचं सांगितलं. सादला आजार आधीपासून ठाऊक होता. हफसानेच सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, घरी मी हळूहळू सांगतो. सांगायच्या आतच बातमी नाक्यावर पोचली. रामनाथांनी कुणाला तरी सांगितलं, त्याने रिक्षा स्टँडवर, आणि सादच्या मामाचं कापडाचं दुकान तिथेच. त्याच्या आईने अंगठी परत पाठवली.

"आणि तो? साद?"

"गप बसला. आईम्होरं कोन बोलतो."

मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तिनंच मना सांगितलं होतं आजाराचं, शपत घालून. एकदा चक्कर येऊन पडली होती सिंकपाशी. मी उचलली. मी कोनाला बोलले न्हाय, बाई. दीड वरीस."

तो कागद सिंकपाशीच ठेवून द्यायला हवा होता मी. जिथे सापडला तिथे.


१८ सप्टेंबर, बुधवार

सरांनी बोलावलं. शोधनिबंध महिनाअखेर पाठवायचा आहे, मासिकाची मुदत आहे. हफसा फोन उचलत नाही. सर खिडकीकडे बघत म्हणाले, "फ्लास्क तुम्ही सांभाळलेत. शेवटच्या तीन मोजण्या तुम्ही केल्यात. मूळ पेशी तुमच्या. पहिलं नाव तुमचं घालू. तुमचा प्रबंधही मार्गी लागेल. मी जूनमध्ये जातो आहे, मग तुमच्याकडे कोण बघणार?"

मी म्हटलं, "बघते सर."

पायऱ्या उतरताना लक्षात आलं, मी गुणगुणत होते.


२० सप्टेंबर, शुक्रवार

जानकीबाई काल तिच्या घरी जाऊन आली. "गोळी बंद केलीय तिनं. अकरा दिस झाले. आई रडते, ही भिंतीकडं तोंड करून पडते." आणि जरा थांबून, "तुमी जा, बाई."

"माझं काय ऐकणार ती?"

"तुमचंच ऐकंल. कायम तुमचंच सांगत असते."

मला खोटं वाटलं.


२१ सप्टेंबर, शनिवार

आज गेले. सकाळी अकराला.

खाली कारखाना, वर घर. मागांच्या आवाजात जिना चढताना पायाखालची लाकडं हलत होती. दार तिच्या आईने उघडलं, जैनबबाईंनी. मी नाव सांगितलं मात्र, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "निवेदिता मॅडम? या, या बाई. बसा. हिच्या तोंडून तुमचं नाव ऐकून ऐकून आम्हाला तोंडपाठ झालंय. बेडकाच्या शेपटीचा धडा तुम्हीच शिकवला ना?"

मला काही कळेना.

"ही दुसऱ्या वर्षाला होती. घरी येऊन आम्हाला सर्वांना सांगत बसली. बेडकाचं पिल्लू मोठं होतं तेव्हा शेपटीच्या पेशी आपणहून मरतात, म्हणून बेडूक होतो. मरणं पण काम आहे, पेशीला ते यावं लागतं, असं मॅडम बोलल्या म्हणे. हिचे अब्बा बोलले, मग तू हेच शिक." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता समजवा तिला. खात नाय, गोळी घेत नाय. कोणाचं ऐकत नाय."

तो धडा मी दरवर्षी शिकवते. शब्द तेच असतात. त्या वर्षी पुढच्या बाकावर कोण होतं ते मी पाहिलं नव्हतं.

हफसा आतल्या खोलीत पलंगावर बसलेली. पापण्यांची सूज उतरली होती. सुंदर दिसत होती, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं. मला बघून ओढणी सारखी करत उठायला लागली.

मी बसायच्या आतच बोलले. बसले असते तर बोलता आलं नसतं. "तो कागद मी समितीपुढे ठेवला. तक्रार माझी होती."

मागांचा आवाज चालूच होता.

"मला वाटलं रामनाथ सर," ती म्हणाली.

"नाही. मी."

"वर नाव होतं माझं."

"वरचा भाग फाटलेला होता."

"तर विचारायचं ना, मॅडम. एकदा विचारायचं."

"तू सांगितलं असतंस?"

"तुम्हाला?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्हालाच सांगणार होते. डबा खाताना रोज वाटायचं, आज सांगू. परळला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अम्मी-अब्बा रडत होते आणि मी एकटी समजून घेत होते, कायनेझ म्हणजे काय, पेशी मरत नाही म्हणजे काय. कारण तुम्ही शिकवलं होतं. म्हणून तुमच्या लॅबमध्ये आले. त्या अठरा पेशी तुमच्याकडून का मागितल्या, तुम्हाला वाटतं? मला बघायचं होतं, त्यांना कोण जगवतंय." मग हळू आवाजात, "का केलं तुम्ही?"

"जळत होते."

"कशावर?"

हा प्रश्न तिने खरोखर विचारला. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं, की पंचवीस वर्षांच्या, अडकलेलं बटण घेऊन जगणाऱ्या मुलीवर कुणी जळावं.

मी म्हटलं, "फ्लास्क चौदा. एकोणतीस जानेवारी. ब्लॉकर काढून घेतल्यावर काय झालं?"

तिने मान वर केली.

"पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी नऊ. सहाव्या दिवशी एकतीस. खाली तू लिहिलंयस, 'एकसुद्धा उरली तर परत येतात.' आणि पुढे खोडून, तारीख घालून, 'येतातच'."

"तुम्ही माझी वही वाचली?"

"रोज. दोन महिने. चूक शोधत होते."

"सापडली?"

"नाही."

ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही. ओढणी तोंडाला लावली होती. मग म्हणाली, "फ्लास्कमध्ये सहा दिवस, मॅडम. शरीरात महिने लागतात. तुलना चुकीची आहे."

"मग महिने लागायच्या आत घे."

मी उठावं की बसावं ते समजेना. शेवटी तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "अम्मी, भात आहे काय?"

रिकाम्या पोटी ती गोळी घेता येत नाही.

मी निघाले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जैनबबाई जिन्यापर्यंत आल्या, हात धरून. मला दुवा देत होत्या. आतल्या खोलीतलं बोलणं मागांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं, मी काय केलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. ते तरी सांगायला हवं होतं.


२३ सप्टेंबर, सोमवार

सरांना सांगितलं, पहिलं नाव हफसाचं. ते म्हणाले, "विचार करा. अशी संधी पुन्हा येणार नाही."

"ठाऊक आहे," म्हटलं. तोंड कडू झालं होतं, खरोखरचं, औषध घेतल्यासारखं. मुदत महिनाभर वाढवून घ्यायचं ठरलं.


७ ऑक्टोबर, सोमवार

हफसा आली. पापण्या पुन्हा सुजलेल्या. जानकीबाईने तिच्या टेबलावरचं कापड सकाळीच बदललं होतं.

परळला मंगळवारी जाऊन आली. आकडा थोडा वर सरकलाय, शून्य पूर्णांक दोन. डॉक्टर रागावले, पण म्हणाले गोळी नियमित घेतली तर पुन्हा उतरेल. हे तिने सरांना सांगितलं. मला नाही. माझ्याशी ती 'मॅडम, शीट द्या' आणि 'मॅडम, झालं' एवढंच बोलते. डबा जानकीबाईबरोबर पायरीवर खाते. सादचं नाव निघालं नाही.

टेबलावर एकटीने जेवले. जानकीबाईचाही हेवा वाटला. आता काय बोलायचं!


१६ ऑक्टोबर, बुधवार

शेवटची मोजणी दोघींनी केली. सूज असली की तिला सूक्ष्मदर्शकातून धूसर दिसतं, म्हणून मी डोळा लावायचा आणि तिने लिहायचं. निळी, निळी, निळी. शंभरात एकही स्वच्छ नाही. मी पुन्हा मोजलं. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तिने आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली, आणि वही माझ्याकडे सरकवली. साक्षीदार म्हणून सही करायला.

माझं नाव तिच्या वहीत पहिल्यांदा माझ्या अक्षरात.


२२ ऑक्टोबर, मंगळवार

निबंध आज गेला. सोबत मासिकाचा एक तक्ता भरावा लागतो, कुणी काय केलं याचा. सरांनी तो मला भरायला दिला.

हफसाच्या नावापुढे लिहिलं: कल्पना, प्रयोगाची आखणी, प्रयोग, निष्कर्ष, लेखन. प्रत्येक शब्द टाइप करून एकदा खोडला, पुन्हा टाइप केला. सरांच्या नावापुढे: मार्गदर्शन. माझ्या नावापुढे बोट थांबलं. 'मूळ पेशी' असं लिहावंसं वाटलं. पण त्या मी दिल्या नव्हत्या, टाकल्या होत्या. शेवटी लिहिलं: मोजणी.

मग तक्ता हफसाला दाखवला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ती वाचून म्हणेल, मॅडम, एवढंच नको, अजून काही घालू. ती तशी आहे. सगळ्यांसमोर पडद्यावर माझं नाव घालणारी मुलगी आहे ती.

तिने तक्ता वाचला. माझ्या नावापाशी थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पाठवून दिला.